आवाज आला की स्पीड कमी?

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि फोटो मिळाले. मिलिंग मशीनवर कोरलेल्या पॉकेटच्या (खोलगट खाचेच्या) भिंतीवर चॅटरच्या, म्हणजे कापताना टूल थरथरून ओरडतं त्याच्या, त्या तिरक्या लाटा अशा उठल्यात की नख फिरवलं तर अडकत असणार. आणि त्यावर जुन्या मंडळींनी दिलेला सल्लाही ओळखीचाच: स्पीड उतरव, कट हलका घे.

ते काही उगाच सांगत नाहीत. कमी वेगाला धारेची मागची बाजू त्या लाटांवर घासते आणि कंप तिथल्या तिथे मरतो. टायटॅनियमसारख्या धातूत, जिथे वेग कमीच ठेवावा लागतो, तिथे आजही तोच आधार. पण अ‍ॅल्युमिनियमला तू हजारोंनी आरपीएम (मिनिटाला फेरे) देतोस. तिथे लाटा लांबट होतात, घासणं उरत नाही, आणि तो नियम गळून पडतो.

चॅटर झाला म्हणजे टूलवर जोर जास्त झाला, असं आपण धरून चालतो. खरं दुखणं वेळेचं असतं. एक दात पृष्ठभागावर लाट सोडून जातो, पुढचा दात तीच लाट कापतो. दोघांचा ताल जुळला नाही की चिप (कापून निघणारा धातूचा पापुद्रा) कधी जाड, कधी पातळ निघते, बल वरखाली होतं आणि कंप स्वतःच स्वतःला पोसत राहतो. ताल जुळला की चिप सारख्या जाडीची. म्हणजे तोच कटर, त्याला पकडणारा तोच होल्डर, नुसता वेग बदलला की गप्प.

तुझाच आकडा घे. तीन दातांची एंडमिल (पॉकेट कोरायचा कटर), ७,५०० आरपीएम, म्हणजे सेकंदाला ३७५ दात. फोनवर आवाज रेकॉर्ड करून तू ९०० हर्ट्झच्या आसपासचा सूर पकडलास, हे उत्तम केलंस. ९०० ला ३७५ ने भागलं तर २.४ येतात, पूर्णांक नाही, म्हणजे दातांचा आणि कंपाचा ताल जुळत नाही. दहा टक्के उतरवून ६,७५० केलेस तरी भागाकार २.६७, रडगाणं तेच. ९,००० कर: सेकंदाला ४५० दात, भागाकार बरोबर २. तिथे तू बहुधा कट वाढवूही शकशील. १८,००० ला तर त्याहून ऐसपैस जागा आहे, स्पिंडल (टूल फिरवणारा दांडा) तेवढा फिरत असेल तर. चॅटरचा सूर टूलच्या नैसर्गिक वारंवारतेच्या (ज्या सुरात ते आपोआप थरथरतं त्याच्या) थोडा वर असतो, म्हणून ९,००० च्या जरा खाली-वर करून बघ. एक धोका मात्र लक्षात ठेव: अशा वेगाला आवाज गेला तरी भिंतीचं माप थोडं सरकू शकतं. फिनिशिंगआधी मोजच.

दुसरी गोष्ट ऐकून तुमचे फोरमन चिडतील. टूल जितकं आखूड तितकं बरं, हे साधारण खरंच. लांबी दुप्पट केली की ताठपणा आठव्या हिश्श्यावर येतो. पण लांबीबरोबर वारंवारताही बदलते. तुमचा स्पिंडल १२,००० लाच थांबत असेल, तर कधी कधी टूल थोडं अधिक बाहेर काढल्यावर शांत पट्टा, म्हणजे चॅटर न होणारे वेग, नेमका त्या वेगावर येऊन बसतो. आखूड टूल ओरडतं आणि लांब टूल मुकाट कापतं!

फीडबद्दलही तेच. बाजूने टूलच्या व्यासाच्या १० टक्केच रुंदी घेतोस तेव्हा दाताला ०.१ मिमी फीड (दर दातामागे टूल पुढे सरकणं) दिलास तरी चिपची जास्तीत जास्त जाडी ०.०६ मिमीच असते. टूलला जपायचं म्हणून फीड आणखी उतरवलास की धार कापायचं सोडून घासते आणि लवकर बोथट होते.

आता मी नव्याची आरती ओवाळतोय असं समजू नकोस. १९३१ मध्ये कार्ल सालोमन यांनी पेटंटमध्ये मांडलं की एका वेगानंतर कापतानाचं तापमान उतरू लागतं. ही कल्पना अजूनही सांगितली जाते, पण नंतरच्या मोजमापांत ते बहुतेक वेळा वाढतच जाऊन धातूच्या वितळणबिंदूच्या खाली कुठेतरी स्थिरावताना दिसलं. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, कार्बाइडच्या कठीण टूलला तेवढं सोसतं, म्हणून तिथे वेग चालतो. कठीण स्टीलला हेच गणित लावशील तर इन्सर्ट (टूलवर बसवलेल्या बदलत्या धारा) जळतील.

९,००० ला कापून बघ आणि त्याचं रेकॉर्डिंग पाठव. होल्डर कुठला आणि टूल किती बाहेर आहे, तेही लिही. होल्डर बदललास की सूर पुन्हा मोजावा लागेल, एवढं त्या नव्या पोरालाही सांगून ठेव.

तुझाच,
अविनाश