उपमेय कुठे गेलं ते बघ

प्रिय मेघा,

तुझा मेसेज वाचला. इतक्या वर्षांनी एम.ए.ला ॲडमिशन घेतलीस, फार भारी केलंस! पण साहित्यशास्त्राचा पेपर बघून लगेच गाईडमधल्या व्याख्या पाठ करायला बसलीस ते काही मला पटलं नाही बघ. अगं पाठ केलेलं परीक्षेनंतर उडून जातं, त्यापेक्षा एकच वाक्य घे आणि सगळ्या संज्ञा त्याच्यावरच लावून बघ.

माझं आवडतं वाक्य सांगते. 1761 ला पानिपत झालं, नानासाहेब पेशवे उत्तरेकडे निघालेले, वाटेत त्यांना सावकारी, म्हणजे सांकेतिक भाषेतलं पत्र मिळालं ते आठवतं ना, दोन मोत्यं गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोत्यं म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ.

आता 'भाऊ मोत्यासारखे' लिहिलं असतं तर उपमा झाली असती, भाऊ उपमेय (ज्याची तुलना करतोय ते), मोती उपमान (ज्याच्याशी तुलना करतोय ते). 'भाऊ जणू मोतीच' म्हटलं की उत्प्रेक्षा, 'भाऊ म्हणजे मोतीच' म्हटलं की रूपक, आणि 'हे भाऊ नव्हेतच, मोती आहे' म्हटलं की अपन्हुती. या सगळ्यात भाऊ वाक्यात आहेत. पत्रात मात्र त्यांचं नावच नाही, उपमानाने उपमेय गिळून टाकलंय. अतिशयोक्ती म्हणजे फुगवून सांगणं एवढंच आपल्याला शाळेत शिकवलं, पण मम्मट या संस्कृत साहित्यशास्त्रकाराच्या 'काव्यप्रकाश' ग्रंथात अतिशयोक्तीचा पहिला प्रकार हाच आहे, उपमेय गिळणं.

शब्दशक्तीही, म्हणजे शब्द अर्थ कसा देतो तेही, इथेच शिकून घे. अभिधेने, म्हणजे शब्दशः सरळ अर्थाने घेतलं तर कुणाचे तरी दागिने-पैसे हरवले, बस. पण पेशव्याला तेवढ्यासाठी कोण पत्र धाडेल, म्हणजे तो अर्थ अडतो आणि मग माणसं गेली हा अर्थ येतो, ती लक्षणा. आणि व्यंजना, म्हणजे न सांगता सुचवलेला अर्थ? मला तरी ती 'खुर्दा' शब्दात दिसते. घराण्यातले दोघं मोती, सरदार मोहरा, आणि बाकी हजारो माणसं सुटे पैसे, ज्यांची मोजदादसुद्धा नाही! दुःखाच्या बातमीतसुद्धा कुणाच्या जिवाची किंमत किती ते ठरलेलं होतं, आणि पत्रात ते कुठे स्पष्ट लिहिलेलं नाही तरी आपल्याला कळतं. संज्ञा शिकायच्या त्या याच्यासाठी गं, हे नेमकं बोट ठेवून दाखवता यावं म्हणून.

वृत्तांचं टेन्शन अजिबात घेऊ नकोस. मनाचे श्लोक तुला येतात ना, तेच भुजंगप्रयात, लघु-गुरु-गुरु असं चार वेळा, मोठ्याने म्हण म्हणजे लगेच कानात बसेल.

भरताच्या रससूत्रावर, म्हणजे रस कसा निर्माण होतो ते सांगणाऱ्या सूत्रावर मात्र वेगळं पत्र लिहावं लागेल, लोल्लट, शंकुक, भट्टनायक, अभिनवगुप्त, चौघांनी एकाच सूत्राचे चार अर्थ लावलेत आणि ते घाईत उरकायचं नाहीये मला. पेपर कधी आहे तेवढं कळव, त्याच्या आधी पाठवते.

तुझीच,
नीलू