एओलियन बेटांची सहल: आधी रात्रीचा नांगर ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीत भूमध्य समुद्रातल्या ज्वालामुखी बेटांभोवती शिडाच्या बोटीने आठवडाभर फिरण्याचा कार्यक्रम छापून आला. सिसिलीच्या उत्तरेची लिपारी, वुल्कानो, सालिना, पनारेआ, स्ट्रोम्बोली, फिलिकुदी आणि अलिकुदी ही सात एओलियन बेटे, सात दिवस, रोज एक बेट, असा त्यातला हिशेब आहे. नागपुरातली दोन-तीन कुटुंबे मिळून अशी बोट भाड्याने घेण्याचा विचार करू लागली आहेत, याचा आनंदच आहे. पण हा हिशेब जसाच्या तसा धरून कोणी आगाऊ रक्कम भरू नये, म्हणून हे पत्र. शिडाच्या सहलीत रोज रात्री बोट कुठे आणि कशाला धरून उभी राहणार, हे आधी ठरवतात. बेटांची यादी त्यावरून निघते.

ही बेटे म्हणजे समुद्रतळावरून वर आलेल्या ज्वालामुखींचे शेंडे आहेत. स्ट्रोम्बोली पाण्यावर ९२४ मीटर दिसतो, त्याचा पाया पाण्याखाली सुमारे दोन हजार मीटरवर आहे. वर दिसतो तोच उतार पाण्याखाली पुढे जातो. त्यामुळे काठापासून जरा दूर गेले की तळ नांगराच्या आवाक्याबाहेर जातो, आणि जिथे तो आवाक्यात असतो तिथे बोट खडकाच्या फार जवळ असते.

आकडेच पाहा. भाड्याच्या ४० ते ४५ फुटी बोटीवर साधारण ५० ते ६० मीटर साखळी असते. नांगर तळात रुतून राहायचा तर साखळीची ओढ आडवी लागली पाहिजे. म्हणून पाण्याची खोली आणि पाण्यापासून बोटीच्या पुढच्या टोकाची उंची यांच्या बेरजेच्या किमान चौपट साखळी सोडतात, वारा वाढणार असेल तर पाचपट किंवा जास्त. उंची दीड मीटर धरली तर १० मीटर खोलीवर चौपटीने ४६ मीटर आणि पाचपटीने साडेसत्तावन्न मीटर साखळी लागते. १५ मीटरवर चौपटीलाच ६६ मीटर हवी, म्हणजे साखळी संपली. शिवाय ५० मीटर साखळीवरची १३ मीटर लांबीची बोट वारा फिरला की साठेक मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरते. तेवढ्या वर्तुळात खडक नसावा आणि शेजारची बोटही नसावी. रात्री दोन वाजता जमिनीवरचा वारा सुटतो तेव्हा हे वर्तुळ किती महत्त्वाचे आहे ते कळते.

दुसरी अडचण रंगाची आहे. इतरत्र पांढऱ्या वाळूचा पट्टा वरूनच फिकट दिसतो आणि नांगर तिथे टाकता येतो. स्ट्रोम्बोलीची वाळू काळी, दगड काळे आणि पाण्यातले गवतही गडद, त्यामुळे वरून तळ ओळखू येत नाही. नांगर टाकल्यावर इंजिन मागे घालून हळूहळू मिनिटाला २००० फेऱ्यांपर्यंत न्यावे, अर्धा मिनिट तसेच धरावे, आणि काठावरच्या दोन खुणा, समजा घराचा कोपरा आणि मागचे झाड, एका रेषेत पाहत राहावे. रेष मोडली तर नांगर घसरतो आहे. रेष टिकली तरी कोणीतरी पोहण्याचा चष्मा लावून पाण्यात उतरावे आणि नांगराचे टोक पुरले आहे की नुसते दगडावर टेकले आहे, ते डोळ्यांनी पाहून यावे. दगडाळ तळावर टाकण्याआधीच नांगराच्या मागच्या कडीला खोलीपेक्षा दोन-तीन मीटर लांब दोरी बांधून वर तरंगता गोळा सोडला, तर अडकलेला नांगर उलट बाजूने ओढून काढता येतो. हे न केल्यामुळे नांगर आणि साखळी तळाशी सोडून यावे लागते, आणि ते पैसे अनामत रकमेतून जातात.

आता मुक्कामाच्या जागा. लिपारी गावाजवळ मरिना लुंगा आणि पिन्यातारो इथे धक्के आहेत, सालिनावर सांता मरिनाला छोटे बंदर आहे. पाणी आणि वीज भरायची ती इथेच. वुल्कानोला दोन बाजू आहेत. पश्चिम किंवा वायव्य वारा असेल तर पूर्वेचे लेवांते बरे, पूर्वेचा वारा असेल तर पश्चिमेचे पोनेंते. पनारेआला पूर्व बाजूला बोट बांधायचे तरंगते बोये मिळतात, पण ती बाजू पूर्व आणि आग्नेय वाऱ्याला उघडी आहे. स्ट्रोम्बोलीला आडोशाचे बंदर नाही, तिथली रात्र फक्त शांत हवेत. फिलिकुदीला हवा चांगली असेल तर बोये मिळतात. अलिकुदीला नांगर टाकण्याजोगी जागा जवळजवळ नाहीच, त्यामुळे पुरवणीतला तिथला मुक्काम काढून टाकावा.

उन्हाळ्यात बहुतेक दिवस हलका वायव्य वारा असतो. त्रास देतात ते दोन वारे. वायव्येचा माएस्त्राले जोर धरला की दोन-तीन दिवस समुद्र उसळलेला राहतो. आफ्रिकेकडून येणारा आग्नेयेचा शिरोक्को सुटला की पनारेआचे बोये आणि लिपारीचे उघडे धक्के दोन्ही सोडावे लागतात. शिरोक्कोच्या वेळी बंधारा असलेले बंदर गाठावे, नाहीतर वुल्कानोचे पोनेंते. आणखी एक गोष्ट नकाशावर दिसत नाही. उंच बेटाच्या आडोशाला गेले की वारा पडतो असे वाटते, पण नऊशे मीटरच्या सुळक्यावरून तो झोताने खाली येतो. सालिनाच्या टोकाला किंवा लिपारी आणि वुल्कानो यांच्यामधल्या एक किलोमीटरहून अरुंद खिंडीत शिरण्याआधी शीड आखूड करून घ्यावे. झोत बसल्यावर ते करायला घेतले की मुले रडू लागतात आणि भांडी खाली येतात.

मार्ग सिसिलीच्या पोर्तोरोसा बंदराहून धरतो. शनिवारी संध्याकाळी बोट ताब्यात मिळते. रविवारी वुल्कानो, १९ सागरी मैल, ताशी पाच मैलांनी चार तासांच्या आत. सोमवारी जेमतेम चार मैलांवरचे लिपारी. मंगळवारी पनारेआ, साडेअकरा मैल. बुधवारी स्ट्रोम्बोली, साडेबारा मैल. गुरुवारी तिथून सालिना, २१ मैल, वायव्य वाऱ्यात आडव्या वाऱ्याची उत्तम दौड मिळते. शुक्रवारी परत पोर्तोरोसा, २८ मैल, वारा बहुधा पाठीशी. पाचच बेटे झाली, आणि आमच्या मते तेवढीच करावीत. आठवड्याच्या पहिल्या तीन दिवसांत शांत हवेची एखादी खिडकी दिसली, तर बाकी सगळे बाजूला ठेवून आधी स्ट्रोम्बोली उरकावा, पुढे ढकलला की बहुधा राहूनच जातो.

स्ट्रोम्बोली साधारण दर दहा-वीस मिनिटांनी उसळतो आणि तापलेले दगड वायव्येच्या ‘शियारा देल फुओको’ या उतारावरून समुद्रात घरंगळतात. संध्याकाळी बोटीतून ते बघणे हा सहलीतला सर्वांत मोठा क्षण असतो, आणि काळजीचाही. ३० डिसेंबर २००२ रोजी याच उताराचा मोठा भाग समुद्रात कोसळला आणि लाटा किनाऱ्यावर दहा मीटरच्या आसपास चढल्या. ३ जुलै २०१९ च्या मोठ्या स्फोटात एका गिर्यारोहकाचा मृत्यू झाला आणि तप्त राख-वायूचा लोट समुद्राच्या पृष्ठभागावरून पुढे सरकला. २८ ऑगस्टला तसाच स्फोट पुन्हा झाला. म्हणून उतारापासून किती दूर राहायचे आणि पायी किती उंचीपर्यंत जाता येते याचे आदेश वेळोवेळी बदलतात. त्या दिवशीचा आदेश तटरक्षक दलाला विचारूनच निघावे. बघताना इंजिन चालू ठेवावे, बोटीचे तोंड बाहेरच्या समुद्राकडे ठेवावे, नांगर टाकू नये. गावात असताना लाटांच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला तर उंचावर जावे, धक्क्याकडे धावू नये. राख पडली तर ती फडक्याने पुसायची नाही, ती काचेसारखी धारदार असते आणि डेकवर ओरखडे पाडते. बादलीने पाणी ओतून धुवावी, केबिनच्या झडपा बंद ठेवाव्यात.

वुल्कानोचा शेवटचा उद्रेक १८८८ ते १८९० मध्ये झाला, पण बेट झोपलेले नाही. २०२१ च्या शरदात वायू वाढले आणि बंदराजवळच्या वस्तीला रात्री घरी झोपायला मनाई करावी लागली. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, सखल जागी आणि बोटीच्या तळाशी साचतो. इशारा लागू असेल तर लेवांतेला रात्र काढू नये. सडक्या अंड्याचा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. त्याने चांदी काळी पडते, तेव्हा जोडवी, पैंजण आणि चांदीच्या अंगठ्या आधीच काढून डब्यात ठेवाव्यात.

लिपारीच्या ईशान्य काठाजवळ प्युमिसचे हलके दगड पाण्यावर तरंगताना दिसतात. त्यांचा चुरा इंजिन थंड करणाऱ्या पाण्याच्या गाळणीत अडकतो. रोज सकाळी पाण्याची झडप बंद करून गाळणी उघडावी, साफ करावी आणि झडप आठवणीने पुन्हा उघडावी. इंजिन सुरू झाल्यावर मागच्या नळीतून पाणी पडते आहे ना, ते वाकून पाहावे. पडत नसेल तर लगेच बंद करावे, नाहीतर पाणी खेचणाऱ्या पंपाचे रबरी चक्र काही मिनिटांत फाटते. तसे एक सुटे चक्र बोटीवर आहे का, हे ताबा घेतानाच विचारावे.

ताबा घ्यायला दोन तास राखून ठेवा. साखळीवर मीटरच्या खुणा आहेत का, नांगर उचलणाऱ्या विजेच्या यंत्राचा खटका कुठे आहे, मुलांच्या मापाची जीवरक्षक जाकिटे आहेत का, डिंगीचे, म्हणजे काठावर जायच्या छोट्या होडीचे, इंजिन खरोखर सुरू होते का, बोटीच्या तळात पाणी साचले आहे का, हे सगळे पाहून जुन्या ओरखड्यांचे फोटो काढावेत. रेडिओ चॅनल १६ वर ठेवावा. इटलीच्या तटरक्षक दलाचा आपत्कालीन क्रमांक १५३० आहे.

पाण्याचा हिशेब घरच्या बाईमाणसांनी हातात घ्यावा, तो नीट होतो. आठ जणांना धुणे-आंघोळ मिळून माणशी १२ लिटर धरले तर दिवसाला ९६ लिटर, म्हणजे ४०० लिटरची टाकी चार दिवस. सोमवारी लिपारीला टाकी काठोकाठ भरावी आणि गुरुवारी सालिनाला पुन्हा. स्ट्रोम्बोलीला पाणी मिळेल असे धरू नये. पिण्यासाठी माणशी रोज अडीच लिटर धरले तर आठवड्याला १४० लिटर होतात. दीड लिटरच्या सहा बाटल्यांचे १६ गठ्ठे निघण्याआधी सुपरमार्केटमधून चढवावेत.

जेवणाचे सामान नागपूरहून नेणाऱ्यांनी एक नियम लक्षात ठेवावा. युरोपीय संघात प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. खव्याची संत्रा बर्फी, पेढे, तूप, पनीर सगळे विमानतळावरच जाते. खुद्द संत्रीही वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत. केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन एवढ्यांनाच सूट आहे. डाळ, पोहे, बेसन, साओजी मसाला चालतो. बोटीवर एक कुकर पुरतो, आणि लाटेत झुणका करणे तळणापेक्षा कितीतरी सुरक्षित. उकळत्या तेलाची कढई चालत्या बोटीत ठेवूच नये. ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी निघण्यापूर्वी तासभर घ्यावी, खाली झोपू नये, वर बसून क्षितिजाकडे बघावे.

वेळ कोणती? ऑगस्टमध्ये, विशेषतः १५ तारखेच्या आसपास, अख्खी इटली सुट्टीवर असते. धक्क्यावर जागा मिळत नाही आणि दर चढतात. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणून जूनचे पहिले दोन आठवडे आपल्याला सोयीचे. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, शुल्क ९० युरो, विमा किमान ३० हजार युरोचा. हॉटेलच्या जागी बोटीचा करार आणि त्यावरची सर्वांची नावांची यादी जोडावी. विम्यात शिडाच्या बोटीचा प्रवास वगळलेला नाही ना, तेही वाचावे. एतना ज्वालामुखीच्या राखेमुळे सिसिलीतला कातानियाचा विमानतळ कधीकधी बंद होतो, म्हणून शुक्रवारी पोहोचावे, शनिवारी नव्हे.

बोट स्वतः चालवायची तर परवाना लागतो. कोणते प्रमाणपत्र चालेल, हे बोट देणाऱ्याकडून ईमेलवर लेखी घ्यावे, फोनवरचा होकार धक्क्यावर कामी येत नाही. कुटुंबात समुद्रावर रात्रीचा नांगर टाकलेला कोणी नसेल, तर स्थानिक स्किपर, म्हणजे बोट चालवणारा, ठेवावा. दिवसाला साधारण २०० युरो आणि त्याचे जेवण, शिवाय एक केबिन त्याला द्यावी लागते, म्हणून आठ जणांच्या बोटीवर सहाच जण न्यावेत.

शुक्रवारी दुपारी चारच्या आत पोर्तोरोसाला शिरावे. सगळ्या बोटी त्याच संध्याकाळी परतात आणि डिझेलच्या पंपावर रांग लागते. तासाला तीन-चार लिटर धरले तर २५ तासांच्या इंजिनाला ७५ ते १०० लिटर जातात. टाकी भरल्याची पावती जपून ठेवावी, अनामत परत घेताना ती मागतात.

कळावे,
आपला नियमित वाचक
धरमपेठ, नागपूर