मॅडम, तुम्ही नाळेचं दुसरं टोक शोधलंत म्हणून

नमस्कार मॅडम,

तुमच्याकडे सोनोग्राफीला रोज एवढ्या बायका येतात, मी लक्षात असेन की नाही कोण जाणे, पण "वासा प्रिव्हिया" म्हटलं की आठवेल. पाचव्या महिन्याची अ‍ॅनोमली स्कॅन, बाळात काही व्यंग नाही ना बघायची, होती आणि वार खाली होती. वार खाली आहे, आराम कर, सरकेल वर, हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ असतं, आणि बहुतेकदा सरकतेही, पण तुम्ही तेवढं लिहून मोकळ्या झाला नाहीत. बाहेर ही गर्दी, असिस्टंट सारखी डोकावतेय, आणि तुम्ही आपल्या नाळ वारेला नक्की कुठे जोडलीये ते शोधत बसलात. ती जोडलेली बाजूच्या पडद्याला, तिथून शिरा उघड्याच निघालेल्या, नाळेतलं ते जेलीसारखं संरक्षण नाही, आणि एक शीर थेट गर्भपिशवीच्या तोंडावरून गेलेली, हाच तो वासा प्रिव्हिया. मग आतून सोनोग्राफी, कलर डॉपलर, म्हणजे वाहतं रक्त रंगात दिसतं ते. ती लाल-निळी रेघ दाखवून म्हणालात, "ठोके बघ, दीडशेच्या आसपास आहेत, म्हणजे ही शीर तुझी नाही, बाळाची आहे."

तेव्हा डोक्यात काही शिरलं नाही हो. नंतर कळलं की पाणमोट फुटताना ही शीर फाटली तर जाणारं रक्त बाळाचं, आणि अडीच किलोच्या बाळात रक्त असतं तरी किती, पाव लिटरच्या आसपास. २००४ च्या एका अभ्यासात १५५ केसेस होत्या, आधी निदान झालेल्यांत ९७ टक्के बाळं वाचली, न झालेल्यांत ४४. हा आकडा वाचून मी तर फोन बाजूलाच ठेवला.

३२ व्या आठवड्यात वार वर सरकलेली, शीर मात्र तिथेच. सासूबाईंचं आपलं चालूच, वार वर गेली ना मग नॉर्मलची वाट बघू, तर तुम्ही त्यांना आत बोलावून रिपोर्टच्या पाकिटामागे चित्र काढून दाखवलंत, गायनॅक मॅडमना स्वतः फोन केलात. बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं झाली, ३५ व्या आठवड्यात कळा यायच्या आधीच सिझर झालं, थोडे दिवस काचेच्या पेटीत काढले, आणि आता लेक घरभर रांगतेय, चपला तोंडात घालतेय.

सोनोग्राफीवाले डॉक्टर डिलिव्हरीला नसतात, पेढे गायनॅककडेच जातात, म्हणून मुद्दाम लिहिलं. खूप खूप आभार मॅडम. जावेची पाचव्या महिन्याची सोनोग्राफी पुढच्या आठवड्यात आहे, तुमच्याकडेच नाव लावलंय, पेढे तेव्हा घेऊन येते.