सहभागाचेही परिपत्रक निघते तेव्हा

प्रति,
माननीय शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: शाळांच्या कारभारात आणि वर्गातील अध्यापनात आदेश किती व सहभाग किती, याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये १९ वर्षे शिक्षक आणि त्यानंतर ११ वर्षे केंद्रप्रमुख म्हणून नोकरी करून मी निवृत्त झालो आहे. केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या काही शाळांच्या गटावर देखरेख करणारा, हा आपल्या खात्यातला सांधा मानला जातो. वरचे पत्र त्याच्या हातून शाळेत जावे आणि शाळेचे म्हणणे त्याच्या हातून वर जावे, अशी योजना आहे. प्रत्यक्षात खाली आदेश येतो आणि वर जाते ती भरलेली लिंक, म्हणजे ऑनलाइन तक्त्यातली माहिती. शाळेचे म्हणणे वर पोहोचवल्याचे माझ्या ११ वर्षांतले प्रसंग मी बोटांवर मोजू शकतो, आणि तो दोष मी केवळ खात्याच्या माथी मारणार नाही.

एक दिवस अजून आठवतो. माझ्या केंद्रातल्या एका दुशिक्षकी शाळेत एक शिक्षिका रजेवर होत्या आणि पहिली ते चौथीचे चारही वर्ग एकट्या गुरुजींकडे होते. ‘अति तातडीचे, दुपारी बारापर्यंत माहिती द्यावी, नसल्यास निरंक कळवावे’ असा संदेश मला वरून आला आणि मी तो, एक शब्दही न बदलता, शिक्षकांच्या मोबाईल गटावर पुढे ढकलला. माहिती येईना म्हणून गुरुजींना तीन वेळा फोन केला. त्यांनी मुलांना पाठ्यपुस्तकातले पान उतरवून काढायला बसवले आणि मोबाईलला रेंज मिळावी म्हणून शाळेच्या मागच्या टेकाडावर जाऊन माहिती भरली. त्याच दुपारी मी त्या शाळेला भेट दिली, मुले खाली मान घालून लिहिताना पाहिली आणि शेरेबुकात लिहिले, ‘विद्यार्थ्यांना कृती करण्याची व प्रश्न विचारण्याची पुरेशी संधी दिली जात नाही.’ गुरुजींनी शेरा वाचला, खाली सही केली आणि मला चहा दिला. ते काही बोलले नाहीत, याचेच मला पुढे अनेक दिवस वाईट वाटत राहिले.

या पत्रात मला जे सांगायचे आहे ते या प्रसंगात आले आहे. शिक्षकाशी वरिष्ठ ज्या रीतीने वागतात, त्याच रीतीने शिक्षक मुलांशी वागू लागतो. दिवसभर ‘करा, भरा, पाठवा, फोटो टाका’ एवढेच ऐकणारा माणूस वर्गात शिरल्यावर ‘तुला काय वाटते?’ असे मनापासून विचारील, ही अपेक्षा चुकीची आहे. त्यामुळे वर्गातली शिकवण्याची पद्धत बदलायची असेल तर कार्यालयातली काम करून घेण्याची पद्धत आधी बदलावी लागेल, आणि ते आपल्या हातात आहे.

व्यवस्थापनशास्त्रात आदेश आणि सहभाग यांतला हा भेद जुना आहे. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९ साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील प्रयोगात दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे छोटे गट मुखवटे तयार करण्यासारखी कामे करत होते. काही गटांचा प्रमुख हुकूम सोडणारा होता, काहींचा मुलांशी ठरवून काम करणारा, तर काहींचा त्यांना वाऱ्यावर सोडणारा. हुकमी प्रमुखाच्या गटाचे काम कमी नव्हते, हेही सांगितले पाहिजे. परंतु प्रमुख खोलीबाहेर गेला की त्या गटाचे काम ढेपाळायचे, आणि ठरवून काम करणाऱ्या गटाचे मात्र बरेचसे तसेच चालू राहायचे. आपल्याकडे साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडल्यावर शाळेत काय होते, हे ज्याने पाहिले आहे त्याला या प्रयोगाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

आता महाराष्ट्राचाच दाखला देतो. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालील शाळांमध्ये, तेथील विस्तार अधिकारी आणि शिक्षक यांनी मिळून ज्ञानरचनावादी पद्धतीने, म्हणजे मूल स्वतः करून पाहत आपले ज्ञान उभे करते असे मानणाऱ्या पद्धतीने, वर्ग उभे केले. मुले जमिनीवर गटाने बसू लागली, खडे, काड्या, चिंचोके, शब्दपट्ट्या हाताळत शिकू लागली, आणि हे पाहण्यासाठी राज्यभरातून शिक्षक तेथे जाऊ लागले. या यशाचे मर्म फरशीवर आखलेल्या आकृत्यांत नव्हते. तेथे अधिकारी तपासणीला येत नसे, शिक्षकांबरोबर बसून अडलेल्या मुलाचा विचार करत असे. एखादा प्रयोग फसला तर तो फसला असे उघड म्हणण्याची सोय होती. २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाल्यावर ही पद्धत राज्यभर नेण्याचा प्रयत्न झाला. हेतूबद्दल माझ्या मनात शंका नाही; मी स्वतः त्या काळात उत्साहाने काम केले. पण खाली येता येता त्या पद्धतीचे एक उद्दिष्ट झाले, उद्दिष्टाचा तक्ता झाला आणि तक्त्यात ‘शाळा ज्ञानरचनावादी आहे काय? होय/नाही’ असा रकाना आला. मग आम्ही रंगाचे डबे आणले. फरशीवर सापशिडी, गिरणी, अंकांची पायवाट असे सगळे रंगवून झाले, आणि माझ्या केंद्रातल्या एका वर्गात तर मुलांच्या पायांनी रंग जाऊ नये म्हणून त्यावर सतरंजी अंथरलेली मी पाहिली. सहभागी शिक्षणाचा हुकूम निघाला की असे होते. हुकूम तामील होतो आणि शिक्षण सतरंजीखाली राहते.

दुसरा दाखला गणवेशाचा, आणि तो ताजा आहे. पूर्वी गणवेशाचा पैसा शाळा व्यवस्थापन समितीकडे येत असे आणि समिती गावातल्या किंवा बाजारच्या गावातल्या शिंप्याकडून कपडे शिवून घेत असे. त्यात गैरप्रकार होतच नव्हते असे मी म्हणणार नाही. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात ‘एक राज्य, एक गणवेश’ म्हणून कापड खरेदी राज्यस्तरावरून झाली आणि बरीच शिलाई महिला बचत गटांकडे गेली. अनेक ठिकाणी स्वातंत्र्यदिन उलटला तरी गणवेश आला नव्हता, आणि जो आला त्याच्या मापांबद्दल व शिलाईबद्दल राज्यभर तक्रारी झाल्या. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये हे काम पुन्हा व्यवस्थापन समित्यांकडे देण्याचा निर्णय शासनाने घेतला. चूक कबूल करून मागे येणे सोपे नसते, म्हणून त्या निर्णयाचे मी स्वागत करतो. माझा प्रश्न त्याआधीचा आहे: पाचवीतल्या मुलीच्या खांद्याचे माप मंत्रालयापेक्षा तिच्या आईला अधिक ठाऊक असते, हे कळण्यासाठी आपल्याला एक अख्खे शैक्षणिक वर्ष का द्यावे लागले? पाठ्यपुस्तकांत जोडलेली वहीची कोरी पाने २०२३ मध्ये आली आणि २०२५ मध्ये गेली. पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा शासन निर्णय एप्रिल २०२५ मध्ये निघाला, जूनमध्ये सुधारला गेला, त्याच महिन्यात रद्द झाला आणि मग मते घेण्यासाठी समिती नेमण्यात आली. आधी निर्णय आणि मग विचारणा, हा क्रम बदलावा एवढेच माझे म्हणणे आहे.

सगळे काही सर्वांना विचारून करावे असा माझा आग्रह आहे, असा समज मात्र कृपया करून घेऊ नये. पोषण आहार मुलांना वाढण्यापूर्वी चाखून पाहावा की नाही, यावर ठराव नको. मुलांच्या सुरक्षिततेच्या बाबतीत स्पष्ट, कठोर आणि न टळणारा आदेशच हवा. तेथे आजवर आदेशांची नव्हे, अंमलबजावणीची वाण पडली आहे. वर्गातही तसेच आहे. पहिलीच्या मुलाला ‘क’ हे अक्षर त्याने स्वतः शोधून काढावे म्हणून ताटकळत ठेवण्यात काही शहाणपण नाही. ते अक्षर शिक्षकाने सरळ दाखवावे, गिरवून घ्यावे, पुन्हा पुन्हा वाचून घ्यावे. ज्ञानरचनावादाच्या भरात आपल्यापैकी काहींनी ‘शिकवणे’ हा शब्दच वर्ज्य केला होता आणि त्याचे नुकसान ज्यांच्या घरी पुस्तक नाही अशाच मुलांना जास्त झाले, असे माझे निरीक्षण आहे. सांगायचे कुठे आणि विचारायचे कुठे, हे ठरवणे हेच शिक्षकाचे कसब आहे.

हे मला तिसरीच्या एका मुलीने शिकवले. ५२ वजा २७ हे उदाहरण फळ्यावर होते आणि वर्गातल्या बहुतेक मुलांनी उत्तर ३५ काढले होते, कारण दोनातून सात जात नाहीत म्हणून त्यांनी सातातून दोन वजा केले होते. ‘दशकाकडून एक घ्यायचा’ हे मी तीन दिवस सांगत होतो आणि तीनही दिवस ३५ येत होते. चौथ्या दिवशी मी थकून विचारले, ‘तुमच्याकडे बावन्न रुपये आहेत, सत्तावीस द्यायचेत, कसे द्याल?’ भाजीबाजारात आईसोबत बसणारी ती मुलगी लगेच म्हणाली, ‘गुरुजी, दोन रुपयेच सुट्टे आहेत, दहाची एक नोट मोडावी लागंल.’ मग वर्गाने काड्यांचा एक गठ्ठा सोडला, दोन आणि दहा अशा बारा काड्यांतून सात काढल्या, उरलेल्या चार गठ्ठ्यांतून दोन काढले आणि २५ उरले. त्या दिवसापासून आमच्या वर्गात ‘नोट मोडणे’ हाच शब्द चालला. ती रीत नंतर फळ्यावर पायरीपायरीने मीच लिहून दिली आणि तिचा सराव घेतला. तेथे आदेश होताच. फरक एवढाच की आता तो मुलांना कळलेल्या गोष्टीवर उभा होता.

नोट मोडण्याची ती कल्पना कोणत्याही परिपत्रकातून येणे शक्य नव्हते, आणि तिच्यासाठी लागलेले चार दिवस मला त्या वर्षी मिळाले कारण कोणी लिंक मागितली नव्हती.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ यात वर्ग आणि शाळेचा कारभार या दोन्ही पातळ्यांवरील सहभागाची तरतूद आहे. कलम २९ कृती, शोध आणि मुलाला केंद्रस्थानी ठेवणारे शिक्षण सांगते. कलम २१ शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असे म्हणते, आणि कलम २२ शाळेचा विकास आराखडा या समितीने तयार करावा असे सांगते. कायदा इतका नेटका असताना गावात काय होते, ते मी सांगतो. इतिवृत्ताचा नमुना वरून येतो. ‘सर्वानुमते मंजूर’ हे शब्द सभेपूर्वीच लिहिलेले असतात. मग चौथीतला एखादा मुलगा रजिस्टर घेऊन घरोघर जातो आणि कांद्याच्या वाफ्यात उभी असलेली सदस्य महिला ओला हात लुगड्याला पुसून सही करते. कशावर केली, हे तिला कोणी सांगत नाही, आणि विचारायची तिला सवय नाही. मुख्याध्यापकाला दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्यालाही ते इतिवृत्त ‘आजच अपलोड करा’ असे सांगितलेले असते.

याच महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडच्या परिसरात, मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच मुलांच्या अंगणात नेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात नेली. मुलांचा दिवस कसा जातो, हे आधी पाहिले म्हणून त्यांना हे सुचले.

म्हणून आपल्याकडे माझ्या काही मोजक्या मागण्या आहेत. राज्यभर लागू होणारा कोणताही शैक्षणिक निर्णय, सुरक्षिततेचे आणि आपत्तीचे विषय वगळता, मसुद्याच्या रूपात आधी शाळांकडे जावा आणि त्यावर व्यवस्थापन समितीची निदान एक खरी सभा होईल इतकी मुदत असावी. तो आधी थोड्या तालुक्यांत राबवावा, आणि तेथे तो फसला तर फसल्याचे लिहिणाऱ्या शिक्षकाला नोटीस मिळणार नाही अशी लेखी हमी असावी. शाळा भरलेली असताना शिक्षकाकडून माहिती मागवू नये. जी माहिती एकदा ऑनलाइन भरली आहे ती पुन्हा नव्या लिंकवर मागणाऱ्या कार्यालयाला त्याचे कारण लिहावे लागावे. यातले शेवटचे सर्वांत सोपे आहे आणि ते कधीच होणार नाही अशी माझ्या जुन्या सहकाऱ्यांची पैज आहे. आपण त्यांना ती हरायला लावावे.

आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण ती माझी जागा होती. शिक्षकांनी एकत्र येऊन अडचणींवर बोलावे यासाठी ही परिषद आहे. निवृत्तीच्या आदल्या वर्षी अशाच एका परिषदेत ‘बालकेंद्री अध्यापन’ या विषयावरची वरून आलेली सादरीकरणाची पाने मी दोन तास वाचून दाखवली. समोर चाळीस शिक्षक रांगेत बसले होते. एका तरुण शिक्षिकेने हात वर केला तेव्हा मी तिला ‘प्रश्न शेवटी’ असे सांगितले, आणि शेवटी वेळ उरला तो हजेरीच्या लिंकसाठी. तिला काय विचारायचे होते, हे मला आजही ठाऊक नाही. या परिषदेची कार्यक्रमपत्रिका वरून पाठवणे आपण बंद करावे. पहिले दोन तास मोकळे सोडावेत आणि त्यात काय बोलायचे ते त्या त्या केंद्रातल्या शिक्षकांना ठरवू द्यावे. सुरुवातीच्या दोन-तीन परिषदांमध्ये कोणी फारसे बोलणार नाही, कारण सवय मोडलेली आहे. तेवढ्यावरून योजना फसली असा अहवाल कोणी पाठवला, तर तो स्वीकारू नये.

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त केंद्रप्रमुख