सागाच्या रांगांत डिस्क फेकायला लावणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "चहा घेतो का?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे जाहीर पत्र.

नागपुरात डिस्क गोल्फ म्हटलं की लोक "म्हणजे फ्रिसबीच ना?" असं विचारतात. चकती, म्हणजे डिस्क, फेकत फेकत कमीत कमी फेकांत साखळ्यांच्या टोपलीत, म्हणजे बास्केटमध्ये, पाडायची, असा हा खेळ. मी स्वतः मोकळ्या मैदानावर थोडंफार फेकून आलो होतो. उमरेड रस्त्यावरच्या तुमच्या शेतात मात्र पहिल्या टीवरून, म्हणजे पहिली फेक टाकायच्या जागेवरून, बास्केटच दिसेना, नुसती सागाची खोडं. तुम्ही माझ्या हातातला ड्रायव्हर (लांब फेकायची वेगवान डिस्क) काढून घेतला, पटर (जवळून टाकायची हळू डिस्क) दिला आणि म्हणालात, "एवढा जोर काऊन लावून राहिला? झाडं सोड, मधली फट पाह्य."

कारणही लगेच सांगितलंत. उजव्या हाताने बॅकहँड फेकलेली डिस्क वेग ओसरला की डावीकडे झुकते. नवख्याच्या हातून ड्रायव्हरला लागतो तेवढा वेग मिळत नाही, म्हणून तो लवकरच डावीकडे कोसळतो. मैदानात हे खपून जातं; सागात तिथे खोड उभंच असतं. पटर हळू आणि बराच सरळ जातो, खोडाला आपटला तरी फार लांब उडत नाही. हे कळल्यावर खेळ एकदम छोटा झाला आणि मजा आली.

पण खरे आभार दुसऱ्याच गोष्टीचे. स्वतःची पाळी सोडून तुम्ही दर वेळी पुढे जाऊन, एका खोडाच्या आड उभे राहायचात, डिस्क कुठे पडते ते पाहायला. मार्चात सागाची पानं गळालेली असतात, ताटाएवढी, वाळून कुरकुरीत. डिस्क त्यावर उतरत नाही, तिरकी आत शिरते आणि वरचं पान पुन्हा जागेवर बसतं! तुम्ही कानाने जागा धरायचात. मग आधी काठीने पाला हलवायचा, मगच हात घालायचा, हा तुमचा दंडक. सापकिरड्याच्या मुलखात तो बरोबरच आहे. नियमाने शोधायला तीनच मिनिटं मिळतात, नंतर एक फेक दंड. तुम्ही घड्याळाकडे पाहिलंही नाही. माझी केशरी डिस्क पळसाच्या सड्यात गेली तेव्हा मात्र तुम्ही पोट धरून हसलात. पुढच्या वेळी निळी आणतो.

मोह वेचणाऱ्या बाया टोपल्या घेऊन फेअरवेवर, म्हणजे टी ते बास्केटच्या वाटेवरच, बसल्या होत्या, तेव्हा तुम्ही खेळ थांबवला आणि त्या उठेपर्यंत गप्पा हाणत बसलात. आडवी आलेली फांदी मोडू दिली नाही. वाकून, गुडघा टेकून फेकायला लावलंत. नियमही तोच आहे म्हणा, पण तुमच्या बोलण्यात नियमापेक्षा झाडाचीच काळजी जास्त होती.

आणि ती बास्केट! एड हेड्रिक यांनी 1970 च्या दशकात साखळ्यांची बास्केट बनवली, 1976 मध्ये खेळाची संघटनाही उभारली, हे मी वाचलं होतं. बोअरवेलचा जुना पाइप आणि गावातल्या वेल्डरने जोडलेल्या कड्या यांतून तीच वस्तू उभी राहते, हे तुमच्याकडे पाहिलं. साखळ्या डिस्कचा जोर खातात, म्हणून ती खाली टोपलीत पडते. तुमच्या एका बास्केटच्या साखळ्या उजवीकडे विरळ झाल्या आहेत, डिस्क आरपार जाते. दोन-चार साखळ्या मी घेऊन येतो, वेल्डरला सांगून ठेवा.

रविवारी मेहुण्यालाही आणतोय. तो फास्ट बॉलर आहे, खांद्यात दम आहे आणि त्याला तसं वाटतंही. त्याच्या हाती आधी पटरच द्या, जी.

तुमचा,
सागात नवा भिडू