मालवणची तयारी जुलैपासून

पुणे, २० जून

चि. निखिल यास,
अनेक आशीर्वाद.

पुढच्या मे महिन्यात चौघांनी मालवणला जायचं आणि कर्ज न काढता जायचं, हा तुमचा बेत मला फार आवडला. मात्र सुरुवात येत्या जुलैपासूनच करायला हवी. मेमधल्या सहलीचे बरेचसे पैसे मार्चमध्येच मोजावे लागतात. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं आणि खोलीचा आगाऊ भरणाही त्याच सुमारास मागतात. हे ध्यानात नसलं की ऐन वेळी घरखर्चाला कात्री लागते.

म्हणून एवढ्या कमी मुदतीचं मिळेल अशा बँकेत दोन रिकरिंग, म्हणजे दरमहा हप्ता भरायच्या ठेवी, उघड. पहिलं आठ महिन्यांचं, दरमहा १,००० रुपयांचं. ५ जुलैला उघडलंस तर ५ मार्चला मुद्दलाचे ८,००० आणि वर व्याज हातात येईल. ते तिकिटं आणि खोलीच्या आगाऊ रकमेसाठी. दुसरं दहा महिन्यांचं, दरमहा १,५०० रुपयांचं. त्याचे १५,००० आणि व्याज ५ मेला येतील. ते तिथल्या खर्चासाठी. पोस्टाचं रिकरिंग यासाठी घेऊ नकोस, ते पाच वर्षांचं असतं आणि तीन वर्षांच्या आत मोडता येत नाही. हप्ता पगारानंतर दोन-तीन दिवसांनी आपोआप वळता होईल असं बघ, म्हणजे चुकला म्हणून दंड बसणार नाही.

आता गाडी. मालवणसाठी कुडाळला उतरायचं. तुतारी एक्सप्रेस दादरहून मध्यरात्रीनंतर पाच मिनिटांनी सुटते, आणि इथेच पुष्कळ लोक फसतात. ८ मेच्या रात्री घरून निघायचं तर तिकीट ९ मेचं लागतं. ८ तारखेचं काढलं तर ती गाडी आदल्या रात्रीच निघून गेलेली असते. ९ मेचं आरक्षण १० मार्चला सकाळी ८ वाजता उघडेल. तुम्ही ठाण्याला चढणार. तिथून सरळ वेटिंग दिसलं तर दादरपासूनचं तिकीट बघ आणि चढण्याचं स्टेशन ठाणे टाक. भाड्यात थोडा फरक पडतो, पण दादरच्या कोट्यात जागा मिळण्याची शक्यता जास्त. परतीचं लोक विसरतात. १४ मेला कुडाळहून निघायचं तर १५ मार्चला सकाळी पुन्हा आरक्षणाला बसायला हवं. चिनू पाचाच्या आतला आहे, त्याला तिकीट नाही. मनूला स्वतंत्र बर्थ हवा तर पूर्ण भाडं पडेल. रात्रीचा प्रवास आहे, तिथे काटकसर करू नकोस.

कुडाळला उतरल्यावर मालवणपर्यंत रिक्षा ठरवू नका. रिक्षाने फक्त एसटी स्टँड गाठा आणि पुढे लाल परी. सूनबाईला एसटीत निम्मं भाडं आहे, मनूचंही अर्धं तिकीट.

खोली घरगुती निवासात घ्या. फोनवर चार गोष्टी विचारून घे: दर माणशी की खोलीमागे, जादा गादीचे किती, एसी चालवला तर वेगळे किती, आणि जेवणाचं ताट ठरलेल्या दराचं की माशाप्रमाणे. सुरमईच्या ताटाने बजेट कोलमडतं. बांगडा ताजा असतो, स्वस्त असतो, आणि मुलांना काटे काढून दिलेत तर आवडीने खातील.

मालवणात सगळ्यात मोठी मजा फुकट आहे. पहाटे किनाऱ्यावर रापण ओढतात ती बघायला मुलांना उठवून न्याच. होडीने जाळं अर्धवर्तुळात टाकलेलं असतं आणि त्याचे दोन्ही दोर माणसं किनाऱ्यावरून ओढत आणतात. मागे सरकताना टाचा वाळूत रुततात. दोर जवळ येऊ लागले की मधल्या खोळीत तारली आणि बांगडे चमचमायला लागतात. विचारलंत तर पोरांनाही दोराला हात लावू देतात. तिथेच वाटे लावून विक्री होते. एखादा वाटा घेऊन घरमालकिणीला तळून मागा.

सिंधुदुर्ग किल्ल्याला सकाळीच जा, दुपारी दगड तापतात. होडीचं तिकीट माणशी असतं. चहूबाजूंनी खारं पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींना गोडं पाणी आहे, ते मुलांना चाखायला सांगण्याआधी त्यांनाच घरी विचारून बघ की असं कसं होत असेल. महाराजांच्या हातापायाचे ठसेही दाखवा. २६ मेपासून पावसाळ्यासाठी ही होडी बंद होते, म्हणून तारीख पुढे ढकलू नका.

गाडीत खायला दशम्या न्या. अर्धा किलो कणीक, दोन चमचे तेलाचं मोहन, चवीला मीठ आणि साधारण ३०० मिली कोमट दूध. पाण्याचा थेंब घालायचा नाही. भाजल्यावर कापडावर पसरून पूर्ण गार होऊ द्या आणि मगच डब्यात भरा. गरम भरल्या की झाकणाला वाफ धरते आणि सकाळपर्यंत वास येतो. सोबत सुक्या खोबऱ्याची लसूण चटणी आणि गूळ. बटाट्याची भाजी मुळीच नको, मेच्या उकाड्यात ती कुडाळपर्यंत टिकत नाही.

रिकरिंगचा फॉर्म भरलास की कळव. सूनबाईला आशीर्वाद, मनू-चिनूला गोड पापा.

तुझी,
आई