वस्तुपाठांचा तक्ता आखून देणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

प्रभू येशूच्या नावाने सलाम.

महिला सभेत वस्तुपाठ घेणाऱ्या, म्हणजे एखादी वस्तू दाखवून बायबलमधलं वचन शिकवणाऱ्या आम्हा भगिनींचं हे आभाराचं पत्र. ते उघडच लिहितोय, म्हणजे तुमचा तक्ता वचन शिकवणाऱ्या इतरांच्याही कामी येईल. वस्तू, उतारा, आधीची तयारी हे रकाने कुणीही आखेल. तुमचा शेवटचा रकाना मात्र खास तुमचाच: 'ही वस्तू कुठे थांबते?' म्हणजे वस्तूची तुलना वचनाला कुठपर्यंत लागू पडते आणि कुठे नाही.

हरवलेल्या नाण्याचंच घ्या (लूक १५:८-१०). येशूच्या या दाखल्यात, म्हणजे बोधकथेत, एका बाईच्या दहा नाण्यांतलं एक हरवतं. ती दिवा लावून, घर झाडून ते शोधते आणि सापडल्यावर शेजारणींना आनंद करायला बोलावते. एकसारखी १० नाणी, त्यातलं एक सभेआधीच लपवलेलं, खोलीत अंधार. टॉर्च उभ्याने वरून मारला तर नाणं जमिनीत मिसळून जातं. जमिनीलगत आडवा धरला की कड चमकते, शेजारी सावली पडते. त्या काळच्या साध्या घरांत उजेड कमीच, म्हणून दिवसासुद्धा दिवा. आणि एक द्राख्मा (दाखल्यातलं नाणं) म्हणजे साधारण दिवसाची मजुरी, म्हणून एवढी झाडझूड. इथपर्यंत सगळ्यांचं ठीक चालतं. पुढे बहुतेक जणी जमलेल्या बायकांनाच शोधायला लावतात आणि जिला नाणं सापडतं तिच्यासाठी टाळ्या वाजतात. झालं, दाखला उलटा झाला! शोधणारा देव आहे, आपण नाणं आहोत. म्हणून केरसुणी आणि दिवा शिकवणारीच्या हातात ठेवायचे, आणि नाणं मिळाल्यावर तिने सगळ्यांना हाक मारून जवळ बोलवायचं, हे तुम्ही लिहून ठेवलंत. बायकांचा वाटा शोधण्यात नाही, आनंदात आहे. शेवटच्या रकान्यात तुमचं एकच वाक्य: नाण्याला पश्चात्ताप करता येत नाही. म्हणूनच पश्चात्ताप करणाऱ्या पाप्याबद्दलच्या आनंदाचं दहावं वचन मोठ्याने वाचल्याशिवाय हा पाठ संपवायचा नाही.

खमिराच्या पाठाचं प्रमाण तुम्ही दिलंत (मत्तय १३:३३), त्याबद्दल तर विशेष आभार. स्वर्गाचं राज्य पीठभर पसरणाऱ्या खमिरासारखं आहे, असं हा दाखला सांगतो. त्यातली तीन मापं म्हणजे सुमारे ४० लिटर पीठ. शंभरावर माणसं जेवतील एवढं. सभेला दोन सरळ, पारदर्शक ग्लास पुरतात. प्रत्येकात ५० ग्रॅम मैदा, ५० मिलिलिटर कोमट पाणी आणि चिमूटभर साखर. एकातच अर्धा चहाचा चमचा इन्स्टंट यीस्ट. ग्लास एक तृतीयांशाच्या वर भरायचा नाही, आणि मिश्रणाच्या पातळीवर रबरबँड लावायचा, नाहीतर किती फुगलं यावर नुसती चर्चा होते. उबदार जागी फरक दिसायला अर्धा-पाऊण तास लागतो. म्हणून पहिल्या गीताच्या आधी कालवायचं आणि वचनाच्या वेळी वर काढायचं. फुगलं नाही तर कारण बहुधा दोनातलं एक: पाणी कढत होतं (६० अंश सेल्सिअसच्या आसपास यीस्ट मरतं), नाहीतर पाकीट उघडून फार दिवस झाले होते. आदल्या दिवशी त्याच पाकिटातलं यीस्ट तपासून बघावं. आणि कुणीतरी विचारणारच, की मत्तय १६ मध्ये परूश्यांच्या (त्या काळच्या कर्मठ यहुदी धर्मपंथाच्या) खमिरापासून जपा असं का म्हटलंय? याचं उत्तर शेवटच्या रकान्यात तयार आहे: खमीर म्हणजे नेहमी अमुकच असं नाही, नकळत सगळीकडे पसरणं हा त्याचा गुण, पसरतं ते चांगलं की वाईट हे त्या त्या उताऱ्यात पाहायचं.

तीनपदरी दोरी सहजासहजी तुटत नाही, हे वचन (उपदेशक ४:१२) बहुतेक लग्नात ऐकू येतं: नवरा, बायको आणि देव. पण नवव्या वचनापासून वाचलं तर तिथे विषय सोबतीचा आहे. एक पडला तर दुसरा उचलतो. विधवा, अविवाहित, नवऱ्याने सोडलेल्या भगिनी समोर बसलेल्या असताना हा पाठ लग्नापुरता आवळणं म्हणजे त्यांना दाराबाहेर उभं करणं. कृतीतली खोचही तुम्ही नेमकी पकडलीत. शिवणाचा सुती दोरा हवा, नायलॉन किंवा पॉलिस्टर तुटता तुटत नाही आणि बोट कापतं. तीन दोरे नुसते शेजारी धरून ओढले तर ताण सारखा बसत नाही. जो जास्त ताणलेला तो आधी जातो, मग दुसरा, मग तिसरा. वेणी घालून दोन्ही टोकांना गाठ मारली तरच फरक कळतो. दोरा बोटाला गुंडाळायचा नाही, टोकांना पेन्सिली बांधून ओढायचा.

तक्त्यातून तुम्ही जे काढून टाकलंत, त्यासाठीही आभार. फूल हातोहात फिरवून चुरगळायचं आणि 'आता हे कोणाला हवंय?' असं विचारायचं, हा पाठ अजून कुठे कुठे चालतो. समोर अत्याचार सोसलेली बाई असली तर तिच्यापर्यंत काय पोचतं? जो कुणालाही 'तू आता वाया गेलीस' म्हणाला नाही, त्याच्या नावाने हे शिकवायचं! आयोडीनच्या पाण्यात ब्लीच ओतून 'पाप धुतलं' दाखवणंही गेलं ते बरं. ब्लीचमध्ये चुकून आम्ल किंवा अमोनिया असलेलं क्लीनर मिसळलं तर विषारी वायू निघतो. आणि लक्षात जादू राहते, वचन नाही.

बारीक सूचनाही रोज उपयोगी पडतात: मुठीहून लहान वस्तू दुसऱ्या रांगेच्या मागे दिसत नाही, आणि वाचन चालू असताना वस्तू फिरवली तर सगळ्यांच्या माना खाली.

पुढचा पाठ विधवेच्या तेलाचा आहे (२ राजे ४:१-७): शेजाऱ्यांकडून आणलेली रिकामी भांडी भरेपर्यंत तिच्या बुधलीतलं तेल संपत नाही. तुमच्या टिपणाप्रमाणे प्रत्येकीला येताना एक रिकामं भांडं आणायला सांगितलं आहे, कोणत्याही मापाचं. तेलाऐवजी पाणीच घेणार आहोत, कारण तेल सांडलं तर फरशीवर कुणीतरी घसरेल. न संपणारी बुधली दाखवायची कसलीही युक्ती करणार नाही. भांडी संपली तिथे ओतणं थांबवू आणि पुढचं वचन वाचू. या पाठाच्या शेवटच्या रकान्यात तुम्ही काही लिहिलेलं नाही. जमेल तेव्हा तेवढं लिहून पाठवा.

प्रभूमध्ये तुमच्या,
महिला सभेतील भगिनी